शेवटच्या जोडीचा पाव फेरा

रॉकेलच्या डब्यात सातच बोल्ट निघाले.

मिस्त्रीने ते एकेक करून फडक्यावर मांडले आणि पुन्हा मोजले. सात. डबा उपडा केला, तळाचा काळा गाळ बोटांनी चाचपला, त्यातून चुंबक फिरवला. चुंबकाला चार कीस चिकटले, बाकी काही नाही. मग तो गुडघ्यांवर बसला. टेबलाखाली, कपाटाच्या फटीत, मोरीच्या जाळीपाशी, सगळीकडे विजेरी मारून पाहिलं. उठताना टेबलाची कड धरावी लागली. 

जुने बोल्ट आठ असायला हवे होते. आठवा कुठे गेला?

एकोणचाळीस वर्षं मिस्त्री इंजिनं उघडत होता. त्याला सगळे ‘एकोणीस’ म्हणत, कारण एकोणीस नंबरचा पाना त्याच्या मागच्या खिशात कायम असे. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो खिसा फुगलेला दिसतो. ‘ही माझी थोरली सवत,’ असं म्हणून बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला तो फोटो दाखवायची. मिस्त्रीला या नावाचा राग नव्हता. उलट कोणी खऱ्या नावाने हाक मारली, तर तो इकडेतिकडे बघायचा.

आता बोल्टांचं सांगायला हवं. इंजिनात पिस्टन वर-खाली धावतो आणि क्रँक गोल फिरतो. या दोघांना जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. या रॉडचं खालचं तोंड दोन अर्ध्या कड्यांचं असतं. ते क्रँकला दोन्ही बाजूंनी कवटाळून बसतं, आणि त्या दोन अर्ध्यांना धरून ठेवतात दोन बोल्ट. चार सिलिंडर, चार रॉड, आठ बोल्ट. एवढ्या मोठ्या धुडात करंगळीएवढ्या आठ वस्तू. पण पिस्टन वर जाऊन मागे फिरतो, त्या क्षणाची सगळी ओढ या करंगळ्यांवर येते, मिनिटाला हजारो वेळा. एक बोल्ट तुटला तर रॉड मोकळा सुटतो आणि आतून ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. मग ते इंजिन भंगारवाल्याचं.

आणि हे बोल्ट ज्यातून निघाले ते इंजिन लाँचचं होतं. मूळचं ट्रकचं, चाळीस वर्षांचं, लाँचवाल्यापेक्षा चार वर्षांनी मोठं. नदीच्या दोन काठांमध्ये तीच एक लाँच. पूल वरच्या अंगाला वीस किलोमीटरवर. शाळेची मुलं, दवाखान्यातल्या नर्सबाई, गिरणीतले कामगार, सगळे तिच्यावर. खाली किलोमीटरभर अंतरावर बंधारा. भर पाण्यात इंजिन बंद पडलं, तर लाँच कुठे जाऊन थांबेल हे तिथलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

त्याने इंजिन जुळवून दिलं होतं, शनिवारपासून लाँच पाण्यात होती आणि आज सोमवार होता.

मिस्त्रीने सातही बोल्ट उजेडात धरून फिरवले. कोणता नाही, हे त्याला बघताबघताच कळलं. बारीक कमरेचा नव्हता.

तो बारीक बोल्ट त्याच्या लेकीने शोधला होता. लेकीचं स्वतःचं लेथचं वर्कशॉप होतं, दोन गल्ल्या सोडून. मिस्त्री इंजिन उघडायचा आणि मोजमापाची, घासायची कामं लेकीकडे न्यायचा. चारही रॉड सरळ आहेत का, खालची तोंडं गोल आहेत का, हे तिने तपासलं आणि जाताजाता बोल्टांनाही मायक्रोमीटर लावला.

“बाबा, हा बघा. मधे कंबर बारीक झालीय याची. आणि बाकीच्यांपेक्षा लांबही भरतोय. ताणून ताणून मेलाय बिचारा.”

“बघू. हो की.”

“आठही बदला.”

“बदलणारच आहे. मी काय आज पहिल्यांदा इंजिन उघडतोय?”

लाँचवाला तिथेच उभा होता. तो म्हणाला, “ताई, एकच मेलाय ना? मग एकच बदला की. बाकीच्या सातांना कशाला म्हातारपणी घराबाहेर काढता?”

“सातही त्याच्याच वयाचे आहेत,” ती म्हणाली. “आज याचा नंबर लागला, उद्या त्यांचा.” मग तिने त्या बोल्टाच्या डोक्यावर लाल रेघ मारली आणि बाबांच्या हातात दिला. “आणि हा टाकू नका हं.” मिस्त्री तोपर्यंत रॉड पोत्यात भरत होता.

त्याची काम करण्याची एक पद्धत होती. असा बोल्ट आवळला की तो रबरासारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणातच त्याची पकड असते. म्हणून नव्या बोल्टाचा पहिला ताण वाया घालवायचा नाही. आधी सगळं जुन्या बोल्टांवर जुळवायचं, क्रँक हाताने फिरवून बघायचा, बेअरिंगमधली फट मोजायची. सगळं पसंत पडलं की मग एकेक जुना काढायचा आणि त्याच्या जागी नवा घालायचा. नवे दोन टप्प्यांत आवळायचे. आधी जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने ठरलेल्या आकड्यापर्यंत, आणि शेवटी प्रत्येकाला पाव फेरा, म्हणजे बरोबर काटकोन. खरी पकड येते ती या पाव फेऱ्यात. तो झाला की बोल्टाच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका. आठ ठिपके दिसल्याशिवाय इंजिनाची खालची तेलाची टाकी, म्हणजे चेंबर, बसवायचं नाही. हा नियम त्याचा स्वतःचा होता आणि आजवर त्याने तो मोडला नव्हता.

म्हणजे ठिपके आठवले की काम झालं. तो स्टुलावर बसला आणि डोळे मिटले. ठिपके दिसले. पिवळे, ओले, चकचकीत. आठ दिसले, सोळा दिसले, शंभर दिसले. एकोणचाळीस वर्षांतली सगळी इंजिनं त्या अंधारात उलटी होऊन पडली होती आणि प्रत्येकावर ठिपके होते. त्यातलं लाँचचं कोणतं, हे काही केल्या ओळखू येईना.

बारीक बोल्ट फट मोजताना चौथ्या रॉडला लावला होता, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. तो काढून नवा घातला का? घातला असेल तर जुना कुठे गेला? आणि नसेल घातला, तर एक नवा उरायला हवा. नवे बोल्ट कागदाच्या पुडीत आले होते. ती पुडी शनिवारीच झाडलोटीत गेली. रिकामी गेली, की आत एक घेऊन गेली?

दुसरा कोणी असता तर सरळ लेकीकडे गेला असता. मिस्त्रीला तेवढंच करता येत नव्हतं.

विसरणं सुरू होऊन तीन महिने झाले होते. आधी चष्मा साखरेच्या डब्यात सापडला, त्यावर घरात हसणं झालं. मग एकदा स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी तो उभा राहिला आणि डावीकडे जायचं की उजवीकडे, हेच कळेना. ते त्याने कोणाला सांगितलं नाही. पण एक दिवस लेकीकडे एका इंजिनाचं सिलिंडर हेड घासायला ठेवून आला आणि तासाभराने परत तिच्याकडे जाऊन म्हणाला, “माझं हेड कोणी उचललं गं? दुकानात कुठेच दिसत नाही.” लेकीने मशीन बंद केली. हेड तिच्या समोरच्या टेबलावर होतं.

“तुझ्या टेबलावर एवढा पसारा, माणूस विसरणारच,” त्याने वेळ मारून नेली.

ती हसली नाही. “बाबा, आपण डॉक्टरला दाखवू. आणि तोवर मोठी कामं नकोत. पंक्चर काढा, ऑइल बदला, पण इंजिन उघडू नका. कोणाचा तरी जीव जाईल.”

बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं, लाँचचं काम अंगावर घेतलंय, ते पुरं करायचं, मग डॉक्टर. मिस्त्रीने मनात वेगळंच ठरवलं होतं. हे काम असं चोख करायचं की तिने पुन्हा विषयच काढू नये.

आणि आता डब्यात सात बोल्ट. हे तिला सांगायचं म्हणजे दुकानाची किल्ली तिच्या हातावर ठेवायची. दुकान गेलं की मग काय उरलं? सकाळी उठून खिशात पाना कशासाठी घालायचा?

त्याने बोल्ट परत डब्यात टाकले. झाकण लावलं.

मंगळवारी तो नदीवर गेला. जुळवलेलं इंजिन पहिले तीस तास अर्ध्या वेगात चालवायचं असतं, म्हणजे आतले भाग एकमेकांना घासून नीट बसतात. लाँचवाल्याने केबिनच्या फळीवर खडूने रेघा मारायला सुरुवात केली होती. तासाला एक रेघ. दहा झाल्या होत्या.

मिस्त्रीने लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि ऐकत राहिला. इंजिन गुरगुरत होतं. चौथ्या सिलिंडरपाशी काही वेगळं आहे का? आहे असं वाटलं. मग नाही असं वाटलं.

“काय म्हणतंय म्हातारं?” लाँचवाला ओरडला.

“बरंय.”

“रोज नाडी बघायची गरज पडली तर सांगा काका, कॉटच टाकतो इथे तुमच्यासाठी.”

“तू आपला सावकाश हाक.”

“सावकाश? काल पलीकडे पोचेपर्यंत एका कामगाराची झोप पुरी झाली! मला म्हणतो, अजून एक चक्कर मार, स्वप्न अर्धं राहिलंय.”

सगळे हसले. मिस्त्रीही हसला आणि त्याने परत स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. अर्ध्या वेगात ओढ कमी असते. बारीक कमरेचा बोल्टसुद्धा तेवढी सोसेल. पूर्ण वेगात सोसणार नाही. म्हणजे अजून वीस रेघा होत्या.

बुधवारी तो लेकीच्या वर्कशॉपमध्ये गेला. विचारायचं ठरवूनच गेला होता. सरळ नाही, आडवळणाने. ती सिलिंडर कोरायच्या बोरिंग मशीनवर वाकली होती, कानात आवाज अडवणारे बूच. तिने मानेनेच ‘बसा’ म्हटलं. तो नेहमीच्या बाकावर बसला. बाकाच्या वर तिने एक तार बांधली होती आणि तारेवर मेलेले भाग लटकवले होते. जळून भोक पडलेला पिस्टन, तुटलेली रिंग, चुरा झालेलं बेअरिंग. ‘बदलायची काय गरज आहे?’ असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला ती तोंडाने उत्तर देत नसे, वर बोट दाखवायची. मिस्त्री त्या तारेखाली पाऊण तास बसला. नजर पायांपाशीच होती.

मशीन थांबली. “बोला बाबा. लाँच कशी आहे?”

“झकास.”

“मग चेहरा असा का?”

“कसा? दहाचं ड्रिल दे, माझं बोथट झालंय.”

तिने ड्रिल दिलं. तो दारापर्यंत गेला, थांबला, वळलाही. तेवढ्यात तिने बूच परत कानात घातले होते.

गुरुवारी त्याने घर धुंडाळायला काढलं. सगळ्या पँटींचे खिसे, जुनी पेटी, चपलांची मांडणी. बायको स्वयंपाकघरात आली तर हा डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभा.

“अहो! काय शोधताय?”

“बोल्ट.”

“डाळीत?”

“चष्मा साखरेत सापडला होता ना?”

तिला हसू आलं, पण ते ओठांवरच विरलं. तिने त्याचा हात डब्यातून बाहेर काढला, पदराने पुसला आणि त्याला खुर्चीवर बसवलं. मग त्याने सगळं सांगितलं. डबा, सात, बारीक कमरेचा, तीस तास. सांगताना दोनदा चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

“लेकीला विचारा,” ती म्हणाली.

“नाही! तिला एक शब्द सांगायचा नाही. शपथ आहे तुला.”

“शपथा नका घालू. गेले तीन महिने मी तिला काय काय सांगितलं नाही, ते तुम्हाला ठाऊक तरी आहे का?” तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “दूध उतू गेलं ते मी म्हणाले माझ्याकडून. दार उघडं राहिलं ते माझ्याकडून. परवा तुम्ही मला विचारलंत, लेकीचं लग्न कधी करायचं. नातवंडं शाळेत जातात आपली.”

“मी? असं विचारलं?”

तिने मान हलवली. डाळीचे दोन दाणे त्याच्या मनगटाला चिकटले होते, ते त्याने एकेक करून काढले आणि डब्यात परत टाकले.

“आणि ती लाँच फुटली म्हणजे?” ती म्हणाली. “तेही माझ्याकडून झालं असं सांगू का?”

रोज तो नदीवर जाऊन इंजिनाला कान लावून येत होता. शुक्रवारी सव्वीस रेघा. शनिवारी तीस. रविवारी लाँच बंद असे. इंजिन उघडायला याहून चांगला दिवस नव्हता. मिस्त्री त्या दिवशी सहा वेळा चप्पल घालून दारापर्यंत गेला. प्रत्येक वेळी मनात तेच यायचं, की नवा घातलाच असेल. एकोणचाळीस वर्षांत चुकलो नाही, आताच कसा चुकेन? आणि मग दुसरं काहीतरी आत बोलायचं, लेकीच्या लग्नाबद्दल विचारलंस तेव्हाही तुला असंच वाटलं असेल.

सोमवारी सकाळी तो धक्क्यावर पोचला तेव्हा लाँच भरली होती. पाठीवर दप्तरं घेतलेली मुलं, डबे घेतलेले कामगार, छत्री मांडीवर आडवी ठेवून बसलेल्या नर्सबाई. वरून पाणी सोडलं होतं, नदी गढूळ आणि फुगलेली होती.

“या काका!” लाँचवाला खुशीत होता. “तीस झाल्या. आज म्हाताऱ्याला पळवतो. एवढ्या पाण्यात अर्ध्या वेगाने गेलो तर बंधाऱ्यावरच जेवायला जायचो.”

मिस्त्री फळीवरून आत गेला आणि इंजिनाच्या झाकणावर बसला.

“उठा की. तिथे कुठे बसता?”

“सगळ्यांना उतरव.”

“काय?”

“उतरव सगळ्यांना. इंजिन बाहेर काढायचंय.”

लाँचवाला हसला. मग मिस्त्रीचा चेहरा बघून हसायचा थांबला. “का? काय झालं?”

“चौथ्या रॉडचा बोल्ट...” मिस्त्री झाकणाकडे बघत म्हणाला. “जुना काढून नवा घातला की नाही, मला आठवत नाही.”

लाँचवाला त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

“आठवत नाही म्हणजे?”

“आठवत नाही म्हणजे आठवत नाही.”

“गेला आठवडाभर तुम्ही येऊन इथे कान लावत होतात,” लाँचवाला एकेक शब्द तोडत म्हणाला, “ते यासाठी? आणि मी तुमची थट्टा करत होतो! या पोरांना घेऊन जात होतो मी रोज. माझी दोन आहेत यात. तोंड शिवलं होतं का तुमचं?”

नर्सबाई आधी उठल्या. त्यांनी दोन मुलांचे हात धरले आणि फळीवरून उतरल्या. मग बाकीचे. एक कामगार जाताना म्हणाला, “एकोणीस, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” लाँच रिकामी झाली तरी मिस्त्री झाकणावरून उठला नाही, जणू उठला तर कोणीतरी इंजिन चालू करेल.

इंजिन उचलायची चेन पुली लेकीकडेच होती. लाँचवाल्याने तिला फोन केला. ती टेम्पोत तिपाई आणि साखळ्या टाकून अर्ध्या तासात आली. तिला फोनवर एवढंच कळलं होतं, की बाबांनी लाँच अडवलीय.

“काय झालं बाबा?”

आता लपवायला काही उरलं नव्हतं. “तो बारीक झालेला बोल्ट. लाल रेघेचा. जुन्यांमध्ये तो नाही. आत राहिलाय बहुतेक.”

लेकीने हातातल्या साखळ्या खाली ठेवल्या. मग त्याच्या शेजारी झाकणावर बसली.

“बाबा, तो माझ्याकडे आहे.”

“तुझ्याकडे?”

“माझ्या तारेवर. मी म्हटलं होतं ना, टाकू नका, गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवते म्हणून. तुम्हीच आणून दिलात. गेल्याच्या गेल्या गुरुवारी. बाकावर बसून चहा घेतलात. बुधवारी तुम्ही त्याच्याच खाली बसला होतात.”

लाँचवाल्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि मोठा श्वास सोडला. “सुटलो! म्हणजे आत नवा आहे. काका, जीव घेतलात की हो माझा. चला, बोलावतो सगळ्यांना.”

मिस्त्रीला मात्र सुटल्यासारखं वाटलं नाही. आपण चाललो, बसलो, चहा प्यायलो, बोललो, आणि त्यातलं काहीही आपल्याजवळ नाही. आठवडाभर जे शोधत होतो ते डोक्यावर लटकत होतं.

“चहा घेताना मी काय बोललो?” त्याने विचारलं.

“काय बोलणार? नेहमीचंच. साखर कमी आहे म्हणालात.” ती आठवू लागली. “आणि म्हणालात, बसत नाही, चाललो, शेवटच्या जोडीचा पाव फेरा...”

ती मधेच थांबली.

“पाव फेरा काय?” लाँचवाल्याने विचारलं.

“पाव फेरा राहिलाय,” ती हळू म्हणाली. “बाबा, तुम्ही परत जाऊन तो दिलात ना?”

मिस्त्रीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, जणू त्यांनाच विचारायचं होतं. “पुली बांध,” तो म्हणाला.

इंजिन धक्क्यावर यायला दोन तास लागले, ते आडवं करून चेंबर उघडायला आणखी एक. चेंबरचा शेवटचा बोल्ट निघाला तसं तिघांनी मिळून ते बाजूला केलं. आत तेलाने ओला क्रँक. लेकीने फडक्याने पहिल्या रॉडचं तोंड पुसलं. पिवळा ठिपका. दुसरा ठिपका. दुसऱ्या रॉडवर दोन. तिसऱ्यावर दोन.

चौथ्यावर फक्त लोखंड.

तिने पुन्हा पुसलं. कोरं. मग बोल्टांवर पाना लावला. ते टॉर्कच्या आकड्यापर्यंत आवळलेले होते, त्यापुढे नाही. तिने ते सोडवून खालचं अर्धं कडं हातात घेतलं आणि सांधा उजेडात धरला. जिथे दोन अर्धे एकमेकांना घट्ट चिकटून असायला हवेत, तिथे काळपट घासल्याचे डाग होते. ती जोडी आत हलू लागली होती. अर्ध्या वेगात, तीस तास.

“पूर्ण वेगात गेलो असतो तर?” लाँचवाल्याने विचारलं.

लेकीने कडं फडक्यावर ठेवलं.

तो आता शिव्या देईल, असं मिस्त्रीला वाटलं. द्यायला हव्या होत्या. लाँचवाला त्याच्याजवळ आला, खांद्याला धरलं आणि लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, “काका, तुम्ही जरा सावलीत बसा. ऊन लागेल.” गेल्या आठवड्यात हाच माणूस त्याची खेचत होता. मिस्त्रीला त्या सगळ्या थट्टा परत हव्याशा वाटल्या.

तो बसला नाही. हलू लागलेले बोल्ट परत वापरायचे नसतात. लेकीने टेम्पो नेऊन दोन नवे आणले, नवं बेअरिंगही आणलं. कडं तिने नीट तपासलं, साफ केलं. मग टॉर्क पाना उचलला आणि थोडा वेळ हातात धरून ठेवला.

“तुम्ही आवळा,” ती म्हणाली. “मी मोजते.”

त्याने आवळले. त्याचे हात सगळं जाणत होते. कुठे जोर द्यायचा, कुठे थांबायचं, मनगट कसं ठेवायचं. हातांना काहीच झालं नव्हतं, हेच तर वाईट होतं. पाव फेरा देताना ती मोठ्याने म्हणाली, “एक.” मग, “दोन.” त्याने सवयीने ब्रशकडे हात नेला. ब्रश तिच्या हातात होता. तिने दोन ठिपके दिले, आणि मग आठही बोल्टांना पुन्हा पाना लावून बघितला, तो बघत असताना. आजवर त्याच्या बोल्टांना त्याच्यामागे कोणी पाना लावला नव्हता.

लाँच दुसऱ्या दिवशी पाण्यात गेली. मिस्त्री धक्क्यावर गेला नाही. त्याने खिशातून किल्ली काढली आणि बायकोसमोर लेकीच्या हातावर ठेवली. तिने ती मागितलेली नव्हती.

“पाना राहू दे माझ्याकडे,” एवढंच म्हणाला.

आता तो रोज सकाळी लेकीच्या वर्कशॉपमध्ये येतो. बायको गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला येते आणि तो वळेपर्यंत उभी राहते. तो नट-बोल्ट धुतो, आकाराप्रमाणे लावून ठेवतो. चांगले दिवस असले तर मायक्रोमीटर धरून मोजमापं सांगतो आणि लेक ती लिहून घेते. वाईट दिवस असले तर नुसता बाकावर बसतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. त्या गेलेलं परत आणून देणाऱ्या नाहीत, फक्त जाणं थोडं सावकाश करणाऱ्या आहेत, हे त्यांनी स्पष्टच सांगितलंय.

बाकावर बसला की कधीतरी त्याची नजर वर जाते. लाल रेघेचा बोल्ट तारेवर लटकलेला असतो, पिस्टनच्या शेजारी. तो बराच वेळ बघतो. मग खिशातल्या पान्यावर हात ठेवून अस्वस्थ होतो आणि उठून मशीनपाशी येतो. लेक मशीन बंद करते, कानातले बूच काढते. काय येणार हे तिला माहीत असतं.

“याच्या जागी नवा घातला ना गं?”

“घातला बाबा.”

“आणि पाव फेरा?”

“दिला.”

“ठिपका?”

“आहे. मी पाहिलाय.”

तो मान हलवतो. बाकावर परत जाऊन बसतो. ती बूच कानात घालते, पण एक कान उघडाच ठेवते.